कोल्हापूर आणि चित्रपटांचें आतिथ्य

कोल्हापूर शहरांत खरी कॉर्नरच्या भागांत एक आगळें स्मारक उभें आहे. चौकांत राजाचा किंवा सेनापतीचा पुतळा असावा यांत नवल कांहींच नाहीं. परंतु येथें स्तंभावर जी प्रतिमा बसविली आहे ती चित्रपट टिपणाऱ्या कॅमेऱ्याची आहे. एका यंत्राला असा मान देणारीं शहरें फार नसतील. त्या यंत्राशीं कोल्हापूरचें नातें शंभर वर्षांहून जुनें आहे, आणि आज तें शहर आपल्या सभोंवतालच्या मुलखासह चित्रपट-निर्मात्यांना पुन्हां एकदां आमंत्रण देऊं पाहत आहे. हें आमंत्रण कोणत्या शब्दांत द्यावें, पाहुण्यांपुढें काय ठेवावें, आणि पाहुणे निघून गेल्यावर यजमानाच्या पदरांत काय उरावें, या तीन प्रश्नांचा विचार शहरानें आधींच केलेला बरा.

चित्रपटाची मंडळी परगांवीं चित्रीकरणास निघतात तेव्हां जणूं एक लहानसें गांवच हलतें. नट-नटी दहापांच असतात. परंतु त्यांच्यामागें छायाचित्रण, ध्वनिलेखन, प्रकाशयोजना, रंगभूषा, वेषभूषा, नेपथ्य, वाहनें आणि भोजन या खात्यांचीं माणसें असतात. हा मेळा ज्या गांवीं उतरतो तेथें खाणावळवाल्याला काम मिळतें, सुताराला काम मिळतें, गाडीवाल्याला भाडें मिळतें, आणि गर्दीच्या दृश्यांत उभें राहणाऱ्या गरिबाच्याही हातीं दिवसाची मजुरी पडते. म्हणूनच जगांतील अनेक शहरें या मेळ्याला आपल्याकडे बोलावण्याची खटपट करतात. ही खटपट नवी नव्हे.

अमेरिकेंत ॲरिझोना आणि यूटा या राज्यांच्या सीमेवर तांबड्या शिळांचे मनोरे असलेलें एक ओसाड पठार आहे. त्याला मॉन्युमेंट व्हॅली म्हणतात. तेथें हॅरी गोल्डिंग नांवाचा एक व्यापारी दुकान थाटून राहत असे. १९३० नंतरच्या मंदींत त्या भागांतील नव्हाहो लोकांची उपासमार होऊं लागली. तेव्हां या गृहस्थानें १९३८ च्या सुमारास त्या पठाराचीं छायाचित्रें बरोबर घेतलीं, हॉलिवूड गांठलें, आणि तीं जॉन फोर्ड या दिग्दर्शकाच्या नजरेस आणलीं, असें सांगतात. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेजकोच’ या चित्रपटांत तें पठार जगानें पाहिलें. पुढें फोर्ड तेथें पुनःपुन्हां गेला. त्याच यूटा राज्यांतील मोआब या गांवच्या लोकांनीं १९४९ सालीं चित्रपट-मंडळींची व्यवस्था पाहण्यासाठीं एक समितीच नेमली, आणि तिचें काम आजतागायत चालू आहे.

या हकिकतींतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. पहिल्या खेपेस पाहुणा आला तो छायाचित्रांच्या ओढीनें. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेस तो येतो तो छायाचित्रांमुळें नव्हे. त्या उजाड पठारावर गोल्डिंगनें निवाऱ्याची आणि जेवणाची सोय केली होती, आणि नव्हाहो लोक कामाला उभे राहिले होते. डोंगर तर गोल्डिंगच्या आधींपासून तेथें होतेच. यजमान नव्हता, तो त्यानें पुरविला.

डोळ्यांना सुखविणाऱ्या वस्तूंची कोल्हापूरला वाण नाहीं. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर पन्हाळगड आहे. त्याचा तीन दरवाजा, अंबरखान्याचीं भव्य धान्यकोठारें, सज्जा कोठी आणि पावसाळ्यांत तटावर उतरणारें धुकें यांच्यासाठीं कोणत्याही नेपथ्यकाराला रंगाचा कुंचला हातीं धरावा लागत नाहीं. जवळच वाडी रत्नागिरीचा जोतिबा गुलालांत न्हालेला आहे. शहरांत पंचगंगेचा घाट आहे, रंकाळा तलाव आणि त्याच्या कांठचा शालिनी पॅलेस आहे. १८७७ ते १८८४ या काळांत बांधलेला, मेंट या स्थापत्यकाराच्या आराखड्याचा नवा राजवाडा आहे. पूर्वेला कृष्णेच्या कांठीं खिद्रापूरचें कोपेश्वर मंदिर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाचें छत मध्यभागीं वर्तुळाकार उघडें असून त्यांतून आकाश दिसतें. पश्चिमेला छत्रपति शाहू महाराजांनीं आरंभिलेलें राधानगरीचें धरण, दाजीपूरचें गव्यांचें अरण्य आणि गगनबावड्याचा घाट आहे. मधल्या सपाटीवर उंसाचे फड आणि हिवाळ्यांत धुरकटणारीं गुऱ्हाळें आहेत. हें सारें शहराच्या परिसरांतच. एवढें वैविध्य इतक्या थोड्या अंतरांत सांपडणें ही गोष्ट खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या निर्मात्याला पटल्यावांचून राहणार नाहीं.

तथापि येथेंच एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. सौंदर्य ही एकट्या कोल्हापूरची मिरास नव्हे. शेजारच्या सातारा जिल्ह्यांत वाईजवळ मेणवलीचा कृष्णाघाट आहे. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटांत प्रेक्षकांनीं तो उत्तर प्रदेशांतील चरणपूर या कल्पित गांवाचा भाग म्हणून पाहिला. त्याच्या आदल्या वर्षींच्या ‘गंगाजल’ चित्रपटांत वाईच्या परिसरानें बिहारचा वेष घेतला होता. कृष्णाकांठच्या घाटाला गंगेचें सोंग आणतां येतें, तर कोल्हापूरच्या डोंगरालाही दुसरा डोंगर पर्याय म्हणून मिळूं शकतो. दिग्दर्शकाला पुष्कळदां स्थळाचें नांव नको असतें, त्याचा चेहरा हवा असतो; आणि चेहरे पुष्कळ असतात. तेव्हां रंगीत चित्रांचें पुस्तक छापून देशभर वाटलें म्हणजे स्थळाचा प्रसार झाला, असें मानणें ही आत्मवंचना ठरेल.

मग स्थळाची निवड करावयास आलेला मनुष्य काय पाहतो? सूर्य सकाळीं कोणत्या बाजूनें येतो आणि सायंकाळीं सावली कोठें पडते, हें तो प्रथम पाहतो. जवळ भोंगा, गिरणी किंवा हमरस्ता असल्यास संवादांचें ध्वनिलेखन बिघडेल, म्हणून तो डोळे मिटून कान देतो. सामानाची मोठी गाडी चढावरच्या वळणावर वळेल काय, विजेची स्वतंत्र सोय होईल काय, शेंदीडशें माणसें कोठें झोंपतील, दवाखाना किती दूर आहे, परवानगी कोण देणार आणि ती किती दिवसांत मिळणार, हे त्याचे पुढचे प्रश्न असतात. पावसाचा प्रश्न तर अटळच. कोल्हापूरच्या पश्चिम भागांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो पाऊस कोसळतो त्यांत उघड्यावरचें काम दिवसच्या दिवस खोळंबतें. २०१९ आणि २०२१ या सालांच्या महापुरांत तर पंचगंगेनें शहराचे रस्तेच अडविले होते. जो यजमान हें आधीं सांगतो आणि ‘ऑक्टोबरांत या, तेव्हां रानही हिरवें असतें आणि आकाशही मोकळें असतें’ असें सुचवितो, त्याच्यावर पाहुण्यांचा विश्वास बसतो. अडचण लपविणारा यजमान एकदांच फसवूं शकतो.

परंतु या सर्वांहून मोठी अशी एक संपत्ति कोल्हापूरनें एके काळीं चित्रपटसृष्टीला दिली, आणि ती म्हणजे कसबी माणसें. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटकांचे पडदे रंगविण्यांत निष्णात होते. चित्रपट काढावयाचा तर कॅमेरा हवा, आणि परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा जवळ नाहीं. तेव्हां तो घरींच घडवावा, असा विलक्षण निश्चय त्यांनीं केला. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. त्यांचें अपुरें राहिलेलें काम बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें १९१८ च्या सुमारास तडीस नेलें. तानीबाई कागलकर या गायिकेनें भांडवलास हात दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा तिचा मूकपट पडद्यावर आला. १९२५ सालीं बाबूरावांनीं ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायीं जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचें दुःख त्यांत होतें, आणि त्या शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनीं केली होती.

याच कंपनींत शिकून तयार झालेल्या मंडळींनीं १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांतच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे कलेचे भागीदार, तर सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ पैशाचे भागीदार. ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ सालचा पहिला मराठी बोलपट कोल्हापुरांतच तयार झाला. परंतु लगेच १९३३ सालीं प्रभात कंपनी पुण्यास गेली. १९३७ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत ज्याचा गौरव झाला तो ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलाल यांनीं निर्माण केला खरा, पण पुण्यांत. पुढें प्रभातच्या त्याच आवारांत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तीही पुण्यांत.

पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. पन्हाळा जागचा हलला नाहीं, रंकाळ्याचें पाणी आटलें नाहीं, घाटाच्या पायऱ्या कोणी उचलून नेल्या नाहींत. तरीही प्रभात गेली. यावरून इतकाच बोध घ्यावयाचा कीं, सुंदर स्थळांना कोणी धरून ठेवण्याची गरज नसते. धरून ठेवावें लागतें तें माणसांना आणि त्यांच्या सोयींना. आज कोल्हापूरला आपल्या परिसराची जाहिरात करावयाची असेल तर तिचें पहिलें पान डोंगराचें नसावें, कारागिरांचें असावें.

एकंदर इतिहास निराशेचाच आहे असें मात्र नव्हे. भालजी पेंढारकर यांनीं पुण्या-मुंबईची वाट न धरतां कोल्हापुरांतच ठाण मांडलें. १९४८ सालीं गांधीवधानंतरच्या जाळपोळींत त्यांचा स्टुडिओ भस्मसात् झाला, तरी त्यांनीं तो पुन्हां उभा केला. एका लोहार दांपत्याची सरळ कथा सांगणारा ‘साधी माणसं’ हा त्यांचा चित्रपट १९६५ सालीं आला. १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यांत आला, त्यांत कोल्हापूरच्या अनेक अनामिक सुतारांचा, शिंप्यांचा आणि रंगाऱ्यांचा अदृश्य वांटा होता असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. एक मनुष्य निश्चयानें जागेवर राहिला म्हणजे त्याच्याभोंवतीं किती हात शिकतात, याचें हें उदाहरण आहे.

याच्या उलट, नुसती जागा राखून ठेवल्यानें काय होतें हेंही याच शहरानें अनुभविलें आहे. मोरेवाडीच्या माळावर सरकारनें चित्रनगरीसाठीं सुमारें पाऊणशें एकर जमीन दिली. पण कित्येक वर्षें तेथें वर्दळीपेक्षां गवतच अधिक होतें. अलीकडच्या काळांत तेथें चित्रीकरणाचीं दालनें आणि स्थिर देखावे उभे राहून हालचाल सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट होय. जमीन ही केवळ पाटी आहे. तिच्यावर अक्षर उमटतें तें नित्य येणाऱ्या कामानें.

वास्तूंचाही भरंवसा धरतां येत नाहीं. शाहू महाराजांच्या काळीं १९१५ सालीं खुलें झालेलें पॅलेस थिएटर, पुढचें केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत होरपळलें. दुसऱ्याच दिवशीं केशवरावांची जयंती होती. त्या रात्रीं शहर हळहळलें तें दगडविटांसाठीं नव्हे. त्या रंगमंचावर ज्या नटांच्या पिढ्या तयार झाल्या त्यांच्यासाठीं हळहळलें.

आतां पाहुणचाराची दुसरी बाजू. जेथें चित्रीकरण होतें तेथें कोणीतरी राहत असतें, ही साधी गोष्ट निर्मात्यांच्या आणि कधीं कधीं यजमानांच्याही लक्षांतून सुटते. करवीर तालुक्यांतील वसगडे गांवचा एक वाडा २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेमुळें घरोघरीं माहीत झाला, आणि मग तो पाहण्यासाठीं दूरदूरचीं कुटुंबें गाड्या करून येऊं लागलीं. गांवाचें नांव होतें, चहाच्या टपरीला गिऱ्हाईक मिळतें, हें खरें. पण बघ्यांच्या पायांखालीं बांध तुडविला जातो, अरुंद रस्ता अडतो, आणि ज्याच्या परसांत कचरा पडतो त्याला त्या प्रसिद्धीचा पैसाही मिळतोच असें नाहीं. गांव करी तें राव न करी. परंतु गांवानें करावयाचें तर गांवाला आधीं विचारलें पाहिजे. भाडें एका घराला आणि त्रास साऱ्या आळीला, अशी वांटणी झाली म्हणजे दुसऱ्या खेपेस वेशीवरच विरोध उभा राहतो.

त्याहून गंभीर बाब जिवाची. २०२३ सालच्या मार्च महिन्यांत पन्हाळ्यावर एका ऐतिहासिक चित्रपटाचें काम चालू असतांना एक तरुण कामगार तटावरून खालीं पडला आणि पुढें उपचार चालू असतां मरण पावला. पडद्यावर लढाईंत पडणारा शिपाई दृश्य संपतांच उठून बसतो. हा मुलगा उठला नाहीं. ज्या गडाची उंची कॅमेऱ्याला हवी असते तीच उंची रात्रीच्या अंधारांत मजुराला घातक ठरते. तटाच्या कडेला दोर बांधणें, उजेड ठेवणें, पहारा ठेवणें आणि रुग्णवाहिका हाताशीं असणें, यांत कसलीही कला लागत नाहीं. लागते ती जबाबदारीची जाणीव. ज्या परिसराला चित्रपटांचें आगर म्हणवून घ्यावयाचें आहे त्यानें ही अट परवानगीच्या कागदावर पहिल्या ओळींत लिहावी.

पन्हाळगड आणि कोपेश्वर या वास्तू राष्ट्रीय संरक्षणाखालीं आहेत, आणि तेथें चित्रीकरणास पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. २०२५ सालीं मराठ्यांच्या लष्करी मुलखांतील बारा किल्ल्यांचा जागतिक वारशांत समावेश झाला, त्यांत पन्हाळा आहे. तेथें एक खिळा ठोकण्यापूर्वींही दहादां विचार व्हावयास हवा. ही अडचण नसून सोय आहे, असें यजमानानें पाहुण्यांस पटवून द्यावें. मूळ तटावर दूरचें दृश्य टिपावें, आणि धांवपळ, आग, घोडदौड व पडझड यांचीं दृश्यें चित्रनगरींत उभारलेल्या लांकडी तटावर घ्यावींत. त्यामुळें वारसा वांचतो, जीव वांचतात, आणि स्थानिक सुताराला कामही मिळतें. बाबूराव पेंटरांच्या गांवांत खोटा तट खऱ्यासारखा रंगविणारे हात मिळूं नयेत, असें कसें होईल?

तेव्हां शहरानें प्रत्यक्ष काय करावें? पहिलें काम, परिसरांतील स्थळांची एक प्रामाणिक सूची. तींत प्रत्येक ठिकाणचा रस्ता, वीज, ऊन-सावली, आवाज, पावसाचे महिने आणि परवानगी देणारा अधिकारी यांची नोंद असावी. दुसरें, सुतार, रंगारी, शिंपी, रंगभूषाकार, घोडेवाले, लेझीम-हलगीवाले आणि नवशिके नट यांची नांवनिशी, आणि त्यांच्या मजुरीचे ठरलेले दर. तिसरें, परवानगीसाठीं एक खिडकी. राज्य पातळीवर अशी सोय झाली आहे. तिचा दुवा प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत पोहोंचवावा. चवथें, स्थळाच्या भाड्यांतील कांहीं अंश त्या गांवच्या शाळेसाठीं किंवा त्या वास्तूच्या डागडुजीसाठीं राखून ठेवावा. पांचवें, श्रेयनामावलींत स्थळाचें खरें नांव यावें. कथेंत पन्हाळ्याला दुसऱ्या कोणत्याही गडाचें सोंग खुशाल घेऊं द्यावें. पण चित्रपट संपतांना एका ओळींत त्याची ओळख सांगितली जावी, हें मागणें कांहीं फार नव्हे.

यांपैकीं एकाही कामाला अफाट पैसा लागत नाहीं. लागते ती सातत्याची संवय. आणि या कामांत सुशिक्षित कुटुंबांनाही वांटा उचलतां येईल. आपल्या जुन्या वाड्यांत चित्रीकरण होऊं देणाऱ्या गृहस्थानें भाड्यासोबत शेजाऱ्यांच्या सोईचीही अट घालावी. आणि ज्या घरांतील मुलाचा ओढा चित्रकलेकडे किंवा सुतारकामाकडे आहे, त्या घरानें त्या ओढ्याला हलकें लेखूं नये. कोल्हापूरच्या चित्रपटाचा जन्म विद्यापीठांत झाला नाहीं. पडदे रंगविणाऱ्या दोन भावांच्या घरीं, लेथवर कांतलेल्या सुट्या भागांतून तो झाला.

खरी कॉर्नरच्या त्या स्तंभावरील कॅमेरा ही केवळ प्रतिमा आहे; त्यांतून कोणतेंही दृश्य टिपलें जात नाहीं. परंतु त्याच्या पायथ्याशीं उभा राहून एखाद्या मुलानें ‘हा येथें कोणी बनविला?’ असें विचारलें, आणि त्याच्या वडिलांनीं त्याला दोन नांवें व दोन सालें नीट सांगितलीं, तर त्या क्षणीं कोल्हापूरच्या आमंत्रणाचा पहिला शब्द उच्चारला गेला असें समजावें. पाहुण्याला बोलावण्यापूर्वीं आपल्या घरांत काय आहे तें घरच्यांना ठाऊक असावें लागतें.